एक चमत्कार मानला नाही, तर सगळं पवित्र शास्त्र गेलं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी तिशीतली विवाहिता. ख्रिस्ती कुटुंबात वाढले, शिक्षण विज्ञानाचं झालं. काही वर्षांपासून आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) संडे स्कूलचा वर्ग घेते. मुलं दहा-बारा वर्षांची आहेत. योना, तांबडा समुद्र, पाच हजारांचं जेवण या गोष्टी लहानपणी ऐकल्या तशाच सांगत आले. हल्ली सांगताना अडखळते. योना तीन दिवस माशाच्या पोटात जिवंत राहिला, हे मला खरं वाटत नाही. मंडळीच्या पाळकांना (धर्मगुरूंना) विचारलं, तर ते म्हणाले, "एक वीट काढली की भिंत पडते. आज योना नाकाराल, उद्या पुनरुत्थान नाकाराल." नवऱ्याचं मत बरोबर उलट. तो म्हणतो, त्या काळचे लोक भोळे होते, सगळी रूपकं आहेत, शिकवण घ्यावी आणि बाकीचं सोडून द्यावं. या ओढाताणीत माझी प्रार्थना कोरडी झाली आहे. त्यातच वर्गातल्या एका मुलाची आजी वारली. याईराच्या मुलीची गोष्ट सांगून झाल्यावर त्याने विचारलं, "येशूने तिला उठवलं, मग आम्ही एवढी प्रार्थना केली तरी माझी आजी का नाही बरी झाली?" मी विषय बदलला. मी वर्ग सोडून द्यावा का? माझा विश्वास संपत चालला आहे का?

प्रिय ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीच्या सगळ्या प्रश्नांवर त्याचं सावट आहे. तुमचा विश्वास संपत चालला आहे असं मला वाटत नाही. येशूच्या चार चरित्रांपैकी, म्हणजे शुभवर्तमानांपैकी, मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अगदी शेवट काढून बघा. उठलेला येशू अकरा शिष्यांना गालीलातल्या डोंगरावर भेटतो, ते त्याला नमन करतात, आणि तिथल्या तिथे मत्तय लिहून ठेवतो की कित्येकांना संशय वाटला. त्या संशय घेणाऱ्यांना कोणी बाजूला काढलं नाही. सर्व राष्ट्रांकडे जाण्याची आज्ञा त्यांनाही इतरांबरोबरच मिळाली. तुरुंगात पडलेल्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने तर माणसं पाठवून थेट विचारलं होतं की जो येणार होता तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? येशूने त्याला फटकारलं नाही. निरोप आणणारे परत गेल्यावर लोकांसमोर त्याची थोरवी सांगितली. ज्या पवित्र शास्त्राने, म्हणजे बायबलने, आपल्याच माणसांच्या शंका अशा लपवून न ठेवता लिहून ठेवल्या, त्याच्यापासून तुमची शंका तुम्ही का लपवता आहात?

आता पाळकांची भिंत. त्यांच्या काळजीत तथ्य आहे, त्याकडे मी येणार आहेच. पण त्यांच्या वाक्यात एक गोष्ट धरून चाललेली आहे, ती आधी तपासू. शास्त्रातले सगळे चमत्कार एकाच तऱ्हेने सांगितलेले आहेत आणि सगळ्यांवर विश्वासाचा सारखाच भार आहे, असं ते धरून चालतात. आपल्या हातातलं पवित्र शास्त्र म्हणजे प्रोटेस्टंट परंपरेत ६६ आणि कॅथलिक परंपरेत ७३ पुस्तकं. त्यांत स्तोत्रं आहेत, कायदे आहेत, वंशावळ्या आहेत, राजांच्या हकिगती आहेत, एक आख्खं प्रेमगीत आहे, दृष्टांत आहेत, पत्रं आहेत. नद्यांनी टाळ्या वाजवाव्यात असं स्तोत्रात येतं, तेव्हा नदीला हात कुठून आले असा वाद कोणी घालत नाही. येशूच्या दृष्टांतातला चांगला शोमरोनी त्या वाटेने कोणत्या साली गेला याचा शोध कोणी घेत नाही. येशूने गोष्ट सांगितली आणि ती गोष्ट म्हणूनच आपल्याला सोडत नाही. म्हणजे हे कोणत्या तऱ्हेचं लिखाण आहे, हा प्रश्न तुमचे पाळकसुद्धा प्रत्येक उपदेशाच्या तयारीत विचारतच असतील. काही पानांवर मात्र तो विचारायची आपल्याला भीती वाटते.

हा प्रश्न विज्ञानापुढे मान तुकवून नव्याने काढलेला नाही, हे तुम्हाला ठाऊक असणं मला फार महत्त्वाचं वाटतं. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने विचारलं होतं की सूर्य-चंद्र नसताना पहिला, दुसरा, तिसरा दिवस कसा झाला, आणि देवाने एखाद्या शेतकऱ्यासारखी बाग लावली असं कोणता समजदार माणूस मानेल? बिशप ऑगस्टिन (३५४–४३०) यांनी उत्पत्तीच्या, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकावर मोठा ग्रंथ लिहिला. निर्मितीचे सहा दिवस आपल्या दिवसांसारखे होते असं त्यांना वाटत नव्हतं. त्याच ग्रंथात त्यांनी एक कळकळीचा इशारा दिला आहे. आकाश, तारे, प्राणी यांबद्दल अभ्यासाने जे कळतं, त्याविषयी एखादा ख्रिस्ती माणूस शास्त्राच्या नावावर काहीतरी चुकीचं ठोकून देऊ लागला, तर ऐकणारे लोक मेलेल्यांच्या पुनरुत्थानाबद्दल आणि सार्वकालिक जीवनाबद्दल त्याच शास्त्राचं का ऐकतील? पाळक म्हणतात, शब्दशः अर्थ सोडला तर पुनरुत्थान जाईल. ऑगस्टिन म्हणतात, नको तिथे शब्दशः अर्थाचा हट्ट धरलात तर लोक पुनरुत्थानाचंही ऐकणार नाहीत. तेराव्या शतकात धर्मतत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस यांनी आणखी एक गाठ सोडवली. शास्त्र परमेश्वराच्या बाहूबद्दल बोलतं, तेव्हा देवाला हात आहे असं सांगणं हा त्या वचनाचा शब्दशः अर्थच नव्हे. देवाचं कार्य करणारं सामर्थ्य हाच त्याचा शब्दशः अर्थ, कारण लेखकाला तेच सांगायचं आहे.

मंडळी पिढ्यान्‌पिढ्या जो विश्वासांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, म्हणत आली तोही बघा. निकेयाचा विश्वासांगीकार ३२५ साली ठरला आणि ३८१ मध्ये त्याला आजच्यासारखं रूप आलं. त्यात एकच देव निर्माणकर्ता आहे, कुमारी मरीयेपासून येशूने देह धारण केला आहे, पंतय पिलाताच्या वेळी त्याला क्रूसावर खिळलं गेलं आहे, तिसऱ्या दिवशी तो उठला आहे. निर्मिती किती तासांत झाली, सूर्य थांबला का, मासा केवढा होता, यांतलं काहीही त्यात नाही. ज्यांनी तो रचला त्यांतल्या बहुतेकांनी योनाची गोष्ट घडलेली म्हणूनच वाचली असेल. तरीही विश्वासाचा कणा कोणता हे ठरवताना त्यांनी ती त्यात घातली नाही.

विसाव्या शतकातही हाच धागा दिसतो. १९४३ साली पोप बारावे पायस यांनी आणि १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कॅथलिक अभ्यासकांना सांगितलं की प्राचीन लेखकाने कोणता साहित्यप्रकार वापरला हे ओळखूनच अर्थ लावा. दुसऱ्या टोकाला १९७८ चं शिकागोचं निवेदन आहे. शास्त्रात चूक नाही या भूमिकेचं ते सर्वांत ठाम निवेदन मानलं जातं, आणि बायबलच्या शब्दावर भर देणाऱ्या इव्हँजेलिकल पंथांचे बरेच पाळक त्याचाच आधार घेतात. तेसुद्धा अर्थ लावताना साहित्यप्रकार ध्यानात घ्या असं म्हणतं. पाळकांशी बोलायला बसाल तेव्हा इथून सुरुवात करता येईल.

पण पाळकांना घाबरट समजू नका. त्यांना ज्याची भीती वाटते ते घडलेलं आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या थॉमस जेफरसन यांनी शुभवर्तमानं कात्रीने कापून चमत्कार वगळले आणि येशूच्या जीवनाचं व शिकवणीचं स्वतःचं एक संकलन तयार केलं; ते १८२० च्या सुमारास पुरं झालं. त्याच्या शेवटी येशूला कबरेत ठेवतात, दगड लोटतात, आणि पुस्तक संपतं. उरतो तो एक चांगला शिक्षक. अशा शिक्षकाबद्दल आदर वाटेल, पण मरणाच्या दारात कोणी त्याला हाक मारणार नाही. योनापासून सुरुवात करून माणूस तिथवर पोचू शकतो, हे पाळकांनी पाहिलेलं असणार. शिवाय ऑगस्टिन यांचाच आधार पाळकांनाही मिळतो. एका धर्मगुरूने त्यांना कळवलं होतं की योनाच्या माशावरून मूर्तिपूजक लोक हसतात. त्यांनी उत्तर दिलं की एकतर देवाचे सगळेच चमत्कार नाकारा, नाहीतर हाच एक नाकारायला काही कारण नाही. म्हणजे एकाच थोर माणसाने उत्पत्ति एका रीतीने वाचली आणि योना दुसऱ्या. दोन्ही रीती मंडळीच्या घरातल्याच आहेत, आणि तुम्ही कोणतीही धरलीत तरी घराबाहेर पडत नाही.

मी स्वतः कोणती धरते ते सांगते, म्हणजे माझा कल तुम्हाला कळेल आणि तुम्ही तो वजा करून वाचू शकाल. योनाचं पुस्तक मला बोधकथा वाटतं. योना नावाचा संदेष्टा होऊन गेला, राजांच्या दुसऱ्या पुस्तकात त्याचा उल्लेख आहे. पण या पुस्तकात देव त्याला ज्या निनवे नगरीला इशारा द्यायला पाठवतो तिच्या राजाला नाव नाही, गुरंढोरंसुद्धा गोणपाट नेसून उपास करतात, आणि खलाशी, वारा, मासा, रोपटं, किडा असे सगळे देवाचं ऐकतात. ऐकत नाही तो एकटा संदेष्टा. शेवटी देव प्रश्न विचारतो आणि योनाचं उत्तर न देताच पुस्तक थांबतं. चार अध्यायांत माशाला जेमतेम तीन वचनं मिळाली आहेत, आणि आपण सगळी ताकद त्या तीन वचनांवर खर्च करतो. निनवे ही अश्शूरची नगरी. इस्राएलचं उत्तरेकडचं राज्य इ.स.पू. ७२२ च्या सुमारास संपवलं ते याच अश्शूरने. ज्यांनी आपलं घर उद्ध्वस्त केलं त्यांच्यावर देवाने दया करावी, हे मान्य करणं माशाहून कितीतरी अवघड आहे. योना तीन दिवस माशाच्या पोटात होता तसा मीही तीन दिवस भूमीच्या पोटात असेन, असं म्हणून येशू योनाचं चिन्ह म्हणून या गोष्टीचा हवाला देतो, म्हणून ती घडलेलीच असली पाहिजे असं अनेक विश्वासू अभ्यासक मानतात. त्यांचा युक्तिवाद पोकळ नाही. मला तो निर्णायक वाटत नाही, इतकंच.

यहोशवाच्या दहाव्या अध्यायात सूर्य थांबल्याचं वचन आहे. तिथे लेखक स्वतःच सांगतो की हे याशाराच्या ग्रंथात लिहिलेलं आहे, आणि त्या ओळी काव्याच्या आहेत. युद्धाच्या गीतातल्या या ओळी खगोलशास्त्राचं विधान म्हणून वाचल्या गेल्या. १६१५ साली गॅलिलिओने एका दीर्घ पत्रात विनवून सांगितलं की आकाश कसं चालतं हे शिकवायला शास्त्र दिलेलं नाही. तरी १६३३ मध्ये त्याला शिक्षा झालीच. त्या निकालातली चूक पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली जाहीरपणे मानली. सूर्य स्थिर आहे असं मानल्यामुळे कोणाचंही तारण अडलं नाही.

शुभवर्तमानांकडे आलं की मात्र सूर बदलतो, आणि इथे मी तुमच्या नवऱ्यापासून दूर जाते. लूक पहिल्याच वाक्यांत सांगतो की आरंभापासून प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आलेल्या गोष्टींचा नीट शोध करून तो लिहितो आहे. हा दावा बोधकथा सांगणाऱ्याचा नाही. थोड्याशा भाकरींत पाच हजार लोक जेवल्याचा प्रसंग चारही शुभवर्तमानांत आहे. पुनरुत्थान सोडलं तर असा दुसरा चमत्कार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही जर्मन अभ्यासकांनी त्याचा खुलासा केला की एकाने आपली शिदोरी काढली, ते पाहून सगळ्यांनी लपवलेली काढली. हा खुलासा आजही उपदेशांत ऐकू येतो. मला तो मुळीच पटत नाही. कोणत्याही शुभवर्तमानात असं काही लिहिलेलं नाही. घटना वाचवायच्या नादात ती सांगण्याचा हेतूच त्यात हरवतो. डेव्हिड श्ट्राउस हा जर्मन अभ्यासक चमत्कार मानत नव्हता, पण त्यानेही १८३५ साली असल्या खुलाशांची चिरफाड केली. मानायचं तर मानावं, मानायचं नसेल तर तसं सरळ म्हणावं. असल्या पळवाटा मुलांनाही कळतात.

'त्या काळचे लोक भोळे होते' हे तर मजकूर न वाचता केलेलं विधान आहे. मरीया गरोदर असल्याचं कळल्यावर योसेफ गुपचूप लग्न मोडायला निघाला होता, कारण मूल कसं होतं हे त्याला ठाऊक होतं. स्त्रियांनी कबर रिकामी असल्याचं सांगितलं, तेव्हा प्रेषितांना त्या वायफळ गोष्टी वाटल्या. हे लूक सांगतो. थोमाने जखमांत बोट घातल्याशिवाय मानणार नाही असं बजावलं. मेलेलं माणूस उठत नाही हे कळायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. जर्मन बायबल-अभ्यासक रुडॉल्फ बुल्टमान यांनी १९४१ साली लिहिलं की विजेचे दिवे आणि रेडिओ वापरणाऱ्याला नव्या करारातलं भूतपिशाच्चांचं आणि चमत्कारांचं जग मानता येणार नाही. पण दिवे आले, रेडिओ आला, आणि कोट्यवधी लोक दोन्ही वापरून मानतच राहिले. ते बरोबर आहेत असं यातून सिद्ध होत नाही. विजेच्या बटणाने हा प्रश्न सुटत नाही, एवढं मात्र कळतं.

नवऱ्याच्या बाजूचा खरा बळकट युक्तिवाद तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचा आहे, १७४८ चा. निसर्गनियमांच्या पाठीशी माणसांचा एकमुखी अनुभव असतो, म्हणून चमत्काराची साक्ष खोटी ठरणं हे चमत्कार घडण्याहूनही अशक्य असेल तेव्हाच ती मानावी, असं तो म्हणतो. रोजच्या आयुष्यात हा नियम मला उपयोगी वाटतो, आणि विश्वासणाऱ्यांनीही तो वापरावा. पण देव आहे की नाही, याचं उत्तर ह्यूमच्या तराजूत आधीच घातलेलं आहे. सृष्टीपलीकडे कोणी नाही असं धरलं, तर कितीही साक्षी अपुऱ्याच पडतील. कोणी आहे असं धरलं, तर एखाद्या साक्षीला निदान ऐकून घेण्याइतकं वजन येतं. विज्ञान नेहमी काय घडतं ते सांगतं. एकदाच घडल्याचा दावा केलेली गोष्ट ते प्रयोगशाळेत पुन्हा घडवून बघू शकत नाही. पुरावा मात्र मागू शकतं, आणि मागावाच.

पुनरुत्थानाच्या बाबतीत पुरावा म्हणून काय आहे? करिंथकरांस लिहिलेलं प्रेषित पौलाचं पहिलं पत्र, साधारण इ.स. ५३ ते ५५ चं, म्हणजे घटनेनंतर पंचवीसेक वर्षांचं. त्याच्या पंधराव्या अध्यायात पौल आपल्याला आधीच मिळालेली साक्ष पुढे देतो: येशू केफाला (म्हणजे पेत्राला) दिसला, बारा जणांना दिसला, पाचशेहून अधिक बंधूंना एकाच वेळी दिसला, त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, येशूचा भाऊ याकोब याला दिसला, शेवटी मलाही दिसला. तुम्ही जाऊन विचारू शकता, असाच त्याचा रोख आहे. चारही शुभवर्तमानांत पहिल्या साक्षीदार स्त्रिया आहेत. त्या काळी स्त्रीच्या साक्षीला कमी वजन मिळे, आणि कोणी बनवून सांगितलं असतं तर बहुधा पुरुषांपासून सुरुवात केली असती. इतकं असूनही हे गणितासारखं सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. दावा फार जुना आहे, तो घटनेचाच दावा आहे, आणि तो करणारे त्यावर आपला जीव लावून बसले होते, एवढं म्हणते. मी तो मानते. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आहे असं पौल त्याच अध्यायात लिहितो. योनाबद्दल असं त्याने कुठेही म्हटलेलं नाही. तुमच्या पाळकांनी म्हटलेली भिंत आहेच, पण ती कोणत्या विटेवर उभी आहे हे पौलाने सांगून ठेवलं आहे.

ताई, मला तुमच्या वर्गातला तो मुलगा या सगळ्याहून महत्त्वाचा वाटतो. योना घडला की नाही हे त्याने विचारलंच नाही. तो याईराची गोष्ट अक्षर न् अक्षर मानून बसला आहे, आणि म्हणूनच दुखावला आहे. शब्दशः मानणाऱ्याची ही जखम रूपक मानणाऱ्याच्या शंकेहून खोल असते, आणि आपण तिच्याकडे फार कमी लक्ष देतो.

त्याला कोणीही 'प्रार्थनेत विश्वास कमी पडला' असं सांगू नये. तुम्ही नाही, पाळकांनी नाही, घरच्यांनी तर नाहीच. शास्त्रात याला आधार नाही, आणि मुलाच्या मनात हे वाक्य आयुष्यभर राहतं. प्रेषितांची कृत्ये, अध्याय बारा. हेरोद राजा योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारतो. मग पेत्राला धरतो. मंडळी एकाग्रतेने प्रार्थना करते आणि देवदूत पेत्राला तुरुंगातून बाहेर काढतो. एकच अध्याय, एकच मंडळी, दोन प्रेषित. याकोब का गेला आणि पेत्र का सुटला, यावर हे पुस्तक लिहिणारा लूक एक शब्दही लिहीत नाही. पौलाने आपल्या देहातला काटा जावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला, कृपा पुरे आहे असं उत्तर मिळालं. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवून आल्याचं साधं वाक्य आहे, कसलीही सफाई न देता. वारंवार आजारी पडणाऱ्या तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं आहे. आणि लूक हा तर पौलाचा 'प्रिय वैद्य'. औषध घेणारे, बरे न झालेले, बरे न होताच वारलेले असे सगळे विश्वासू लोक शास्त्राच्या पानांत आहेत.

येशूनेही चमत्कारांचा बाजार मांडला नाही. सैतानाने सुचवलं तरी रानात दगडांच्या भाकरी केल्या नाहीत. हेरोदाला (हा याकोबाला मारणारा नव्हे, त्याच्या आधीचा) काहीतरी चिन्ह बघायचं होतं, तर त्याच्यापुढे तोंडही उघडलं नाही. याईराच्या मुलीला उठवल्यावर हे कोणाला कळू देऊ नका अशी ताकीद दिली. शिवाय ती मुलगी आणि लाजर दोघंही पुढे केव्हातरी वारलेच. येशूने उठवलेली माणसं कायमची जगायला उठली नव्हती. ती येणाऱ्या राज्याची खूण होती. योहानाचं शुभवर्तमान या कृत्यांना चिन्हंच म्हणतं.

हे सगळं त्या मुलाला सांगू नका. त्याला इतकंच म्हणा: "तू विचारलंस तेव्हा मी विषय बदलला, कारण मला उत्तर येत नव्हतं. अजूनही पूर्ण येत नाही. तुझ्या प्रार्थनेत काही कमी नव्हतं, आणि आजीने काही चूक केली म्हणून ती गेली असंही नाही. येशूचा मित्र लाजर वारला तेव्हा येशू स्वतः रडला. आजी देवापाशी आहे आणि एके दिवशी तो तिला उठवील, असा माझा विश्वास आहे. तुला राग आला असेल तर तो देवाला सांगितलास तरी चालेल. स्तोत्रांत पुष्कळ लोकांनी सांगितला आहे." मग त्याला आजीबद्दल बोलू द्या. आधी त्याच्या आईवडिलांच्या कानावर घाला, आणि वर्गातल्या सगळ्यांसमोर बोलण्यापेक्षा एकट्याशी बोला.

बाकीच्या वर्गाचं काय? दहा-बारा वर्षांची मुलं 'हे खरंच घडलं का?' असं विचारणारच. प्रत्येक गोष्टीआधी 'हे घडलं बरं का' किंवा 'हे घडलेलं नाही' असा शिक्का मारायची गरज नाही. गोष्ट शास्त्रात आहे तशी, पूर्ण ताकदीने सांगा. योना सांगताना माशापाशी थांबू नका, चौथ्या अध्यायापर्यंत न्या. बऱ्याच मुलांनी तो ऐकलेलाच नसतो. कोणी विचारलं तर खरं ते सांगा: "मंडळीत काही लोक हे घडलेलं मानतात, काही जण देवाने आपल्याला दिलेली गोष्ट मानतात. दोघंही येशूवर विश्वास ठेवतात." तुमचं मत विचारलं तर एका वाक्यात सांगा, पण मुलांना तुमच्या बाजूला ओढू नका. पुनरुत्थानापाशी मात्र 'काही जण असं, काही जण तसं' म्हणू नका. तिथे तुम्ही काय मानता हे तुम्हाला आधी ठरवावं लागेल, आणि ते ठरवण्याचं काम वर्गात उभं राहून होणार नाही.

म्हणून वर्ग सोडू नका, पण दोन-तीन महिने दुसऱ्या कोणाकडे द्यायला हरकत नाही. आपल्याला जे खरं वाटत नाही ते खरं म्हणून शिकवत राहिल्याने माणूस आतून थकतो, आणि तुमच्या प्रार्थनेतला कोरडेपणा मला बऱ्याच अंशी तिथून आलेला वाटतो. त्या काळात मार्काचं शुभवर्तमान एका बैठकीत, मोठ्याने, नवऱ्याबरोबर वाचा. दीड-दोन तास लागतात. वाचताना कोणीही मधे खुलासा करायचा नाही. नंतर दोघांनी एकमेकांना विचारायचं की यातलं काय टाकून दिलं तर हा माणूस ओळखू येणार नाही? त्यालाही जाणवेल की चमत्कार वेगळे काढून 'शिकवण' तेवढी ठेवणं वाटतं तितकं सोपं नाही. मार्कात दोन्ही एकमेकांत गुंतलेलं आहे. प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर नवव्या अध्यायातल्या त्या बापाचे उसने घ्या. माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासात मला मदत कर, असं त्याने एका दमात म्हटलं होतं, आणि येशूने त्याच्या मुलाला बरं केलं.

या वाचनात आजच्या चमत्कारांचाही विषय निघेल, म्हणून थोडं त्यावर. कोणी बरं झाल्याचं सांगितलं तर आनंद माना आणि चौकशीही करा. दोन्ही एकत्र चालतं. फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थस्थानी १८५८ पासून बरं झाल्याचे सात हजारांहून अधिक दावे नोंदले गेले. १८८३ पासून तिथे डॉक्टरांची कचेरी त्यांची तपासणी करते. २०१८ पर्यंत कॅथलिक मंडळीने त्यांतले ७० चमत्कार म्हणून मान्य केले. तपासणीला घाबरणारा दावा असेल तर तुम्ही सावध व्हा. आणि जिथे औषध बंद करायला सांगतात, तिथून उठून या.

पाळकांना भेटाल तेव्हा 'योना खरा की खोटा' असं विचारू नका. मागच्या वेळी त्यातूनच भिंत उभी राहिली. विश्वासांगीकार समोर ठेवा आणि म्हणा, "यातलं प्रत्येक वाक्य मी म्हणते (किंवा म्हणायची माझी इच्छा आहे). योनाबद्दल माझं मत वेगळं आहे. अशा माणसाने वर्ग घेतला तर तुम्हाला चालेल का? चालत असेल तर मुलांना काय सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू." त्या मुलाची हकिगतही सांगा. पाळक पुष्कळदा वादात कठोर आणि दुःखात मृदू असतात, आणि त्या मुलाबद्दल ऐकून त्यांचा सूर बदलण्याची शक्यता मला जास्त वाटते. ते हो म्हणाले तर ठरलेलं कागदावर लिहून ठेवा, म्हणजे पुढे गैरसमज होणार नाही. नाही म्हणाले, तर त्यांच्या अधिकाराचा मान राखून वर्ग सोडा. मुलांसमोर त्यांच्याबद्दल वाईट बोलू नका, आणि त्यांच्या नकळत आपलं मत वर्गात पेरू नका. मंडळीत आजाऱ्यांच्या भेटी, गायन, अभ्यासगट अशी दुसरी कामं आहेत. प्रौढांच्या अभ्यासगटात तर तुमच्यासारखे प्रश्न मनात ठेवून गप्प बसलेले आणखीही लोक असतील, आणि तिथे योनाचे चार अध्याय वाचायला घ्यायची सूचना तुम्हीच करू शकता.

तुमची हितचिंतक